घर बांधणाऱ्यांची मुले

(पाठाविषयी : आपल्या गावात आणि शहरात रोज नव्या इमारती उभ्या राहतात. त्या बांधणारे मजूर आणि त्यांची मुले मात्र आपल्या लक्षात येत नाहीत. बांधकामाचा व्यवसाय नफा मिळवत असतानाच समाजाचे भले कसे करू शकतो, हे या पाठात सांगितले आहे.)

शाळेत जाता-येता तुम्ही इमारतीचे काम चाललेले पाहिले असेल. रस्त्याच्या कडेला वाळूचे आणि खडीचे ढीग असतात. गवंडी ओळंबा धरून भिंत सरळ आहे की नाही ते पाहतो. बिगारी घमेल्यात माल भरतात. बायका डोक्यावर चुंबळ ठेवून ती घमेली वाहतात. वर बांबूच्या परांचीवर उभा राहून कुणी भिंतीला गिलावा करत असतो. खाली मुकादम सर्वांना हाका मारत असतो. या सगळ्या गडबडीतून एक एक मजला वर चढत जातो.

आता वाळूच्या ढिगाकडे जरा नीट पाहा. तिथे दोन बांबूंना जुन्या साडीची झोळी बांधलेली असते. झोळीत तान्हे बाळ असते. सात-आठ वर्षांची एक मुलगी त्या झोळीला झोका देत बसलेली असते. बाळ रडले, की ती त्याला कडेवर घेते आणि आईला शोधायला निघते. आई तिसऱ्या मजल्यावर असते. जिन्याला अजून कठडा नसतो. पाण्याची टाकी उघडी असते. लोखंडी सळ्या वर डोकावत असतात. मुलगी बाळाला घेऊन त्यातूनच वाट काढते.

ती मुलगी शाळेत का जात नाही? ती गेली, तर बाळाला कोण सांभाळणार? आईने बाळाला सांभाळले, तर तिची त्या दिवसाची मजुरी बुडते. मजुरी बुडली, तर संध्याकाळी चूल कशी पेटणार? म्हणून आई काम करते आणि मुलगी आई होते. तिचे बालपण आणि तिची शाळा, दोन्ही त्या झोळीला बांधले जातात.

गावाकडे असे होत नाही. तिथे आजी असते, काकू असते, शेजारीण असते. पण पाऊस कमी झाला, शेतात काम उरले नाही, की माणसे गाव सोडतात. मराठवाड्यातून आणि विदर्भातून ती मुंबई-पुण्याला येतात. कर्नाटक, बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल येथूनही येतात. बांधकामाच्या जागेवरच पत्र्याच्या खोल्या असतात. त्यांत ती राहतात. एक इमारत पूर्ण झाली, की बोजाबिस्तरा उचलून दुसऱ्या जागी जातात. मुलांची शाळा असलीच, तर ती अर्ध्यावर सुटते.

हे चित्र बदलता येईल का? एका लेखिकेला हा प्रश्न पडला, त्याची ही गोष्ट आहे.

राजघाटाजवळचा तंबू

१९६९ हे महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीचे वर्ष होते. त्यानिमित्त दिल्लीत राजघाटाजवळ एक मोठे प्रदर्शन उभारण्याचे काम सुरू होते. शेकडो मजूर तिथे राबत होते. त्यांची लहान मुले धुळीत, उन्हात, दगडविटांच्या ढिगांमध्ये पडलेली असत. मीरा महादेवन यांनी ती मुले पाहिली. मीराबाई हिंदीत कथा-कादंबऱ्या लिहीत. त्या बेने इस्रायल या ज्यू समाजातल्या होत्या. हा समाज कोकणात शतकानुशतके राहिला आणि त्याने मराठी हीच आपली भाषा मानली.

ज्या महात्म्याने सर्वांत गरीब माणसाचा आधी विचार करा असे सांगितले, त्याच्या नावाने चाललेल्या कामावर गरिबांची मुले अशी पडून राहावीत, हे मीराबाईंना सहन झाले नाही. त्यांनी तिथेच एक तंबू ठोकला आणि त्या तंबूत मुलांना सांभाळायला सुरुवात केली. मोठी इमारत नव्हती, बाके नव्हती, फळा नव्हता. फक्त सावली होती आणि मुलांकडे लक्ष देणारी माणसे होती.

प्रदर्शनाचे काम संपल्यावर मजूर दुसरीकडे जाणार होते. मग पाळणाघराचे काय? मीराबाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे सोपे उत्तर शोधले. मजूर जिथे जातील, तिथे पाळणाघरही जाईल. म्हणून संस्थेचे नाव पडले ‘मोबाइल क्रेशेस’, म्हणजे फिरती पाळणाघरे. १९७२ मध्ये हे काम मुंबईत सुरू झाले. पुढे ते पुण्यातही पोहोचले. आज दिल्ली, मुंबई आणि पुणे या शहरांत या कामासाठी वेगवेगळ्या संस्था आहेत. पण सगळ्यांचे मूळ राजघाटाजवळच्या त्या एका तंबूत आहे.

पाळणाघराचा दिवस

बांधकामाच्या जागेवर एक-दोन खोल्या मिळाल्या, की पाळणाघर सुरू होते. सकाळी कामावर जाताना आई बाळाला तिथे सोडते. तिची कामाची वेळ हीच पाळणाघराची वेळ असते. हे फार महत्त्वाचे आहे. पाळणाघर दुपारी बारालाच बंद झाले, तर आईला त्याचा काय उपयोग?

तिथे मुलांचे साधारण तीन गट असतात. तीन वर्षांपर्यंतची बाळे पाळण्यात आणि चटईवर असतात. आई मधल्या सुट्टीत येऊन बाळाला दूध पाजू शकते. तीन ते सहा वर्षांच्या मुलांची बालवाडी असते. ती गाणी म्हणतात, मणी ओवतात, चित्रे रंगवतात. त्याहून मोठ्या मुलांना अभ्यासात मदत मिळते आणि त्यांना जवळच्या महापालिका शाळेत दाखल केले जाते. मुलांना ताजे जेवण दिले जाते. त्यांचे वजन वेळोवेळी नोंदवले जाते. डॉक्टर येऊन तपासणी करतात. लसी टोचल्या जातात. ज्या बाळाचे वजन वाढत नाही, त्याला जादा आहार मिळतो.

आता त्या झोळीजवळच्या मुलीचा विचार करा. बाळ पाळणाघरात गेले, तशी तीही मोकळी झाली. तिच्या पाठीवर दप्तर आले. एका खोलीने दोन मुलांचे आयुष्य बदलले!

या मुलांपुढे आणखी एक अडचण असते. घरी ती बंगाली, तेलुगू किंवा कन्नड बोलतात. कामाच्या जागेवर हिंदी ऐकतात. शाळेत गेल्यावर मराठी शिकतात. तुम्ही घरी उर्दू बोलता आणि वर्गात मराठी शिकता. नवी भाषा शिकताना सुरुवातीला शब्द कसे अडतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. मग सहा महिन्यांनी शाळाच बदलली आणि भाषाही बदलली, तर काय होत असेल? म्हणून पाळणाघरातल्या ताई मुलांशी आधी त्यांच्या ओळखीच्या शब्दांत बोलतात आणि मग हळूहळू नव्या भाषेकडे नेतात.

बिल्डरचा प्रश्न

हे काम एकट्या संस्थेला जमणारे नाही. जागा बिल्डरची असते. खोली, पाणी आणि वीज त्याने द्यावी लागते. खर्चाचा काही वाटाही त्याने उचलावा लागतो. तेव्हा एखादा बिल्डर विचारतो, ‘‘मी या लोकांना काम देतो, मजुरी देतो. मुलांना सांभाळणे हे माझे काम आहे का?’’

हा प्रश्न टाळून चालणार नाही. त्याचे उत्तर दोन प्रकारांनी देता येते.

पहिले उत्तर व्यवहाराचे आहे. जिचे बाळ खाली वाळूत खेळते आहे, त्या आईचे अर्धे लक्ष बाळाकडे असते. डोक्यावर ओझे आणि मनात काळजी असली, की पाय घसरतो. बाळ सुरक्षित असेल, तर आई निश्चिंत मनाने काम करते. मजुरांना त्या जागेविषयी आपलेपणा वाटतो. ते काम मध्येच सोडून जात नाहीत. म्हणजे पाळणाघरावर केलेला खर्च वाया जात नाही.

दुसरे उत्तर माणुसकीचे आहे. समजा, पाळणाघरामुळे बिल्डरचा एक रुपयाही वाचला नाही. तरी ते मूल तिथे का आले? बिल्डरचे काम तिथे होते म्हणून. आपल्या कामामुळे जो धोका निर्माण होतो, तो दूर करण्याची जबाबदारीही आपलीच असते. व्यापाऱ्याच्या वहीत जमा आणि खर्च लिहिलेले असतात. पण त्या कामामुळे किती मुले शाळेत गेली, किती जण धडधाकट घरी परतले, हे वहीत लिहिलेले नसते. समाजासाठी मात्र तीच खरी जमा असते.

अडीच सेकंद

धोका मुलांनाच असतो असे नाही. तो प्रत्येक मजुराला असतो. एक छोटेसे गणित करू. दहावा मजला जमिनीपासून सुमारे ३० मीटर उंच असतो. तिथून एक वीट निसटली, तर ती जमिनीवर यायला सुमारे अडीच सेकंद लागतात. तोपर्यंत तिचा वेग ताशी जवळजवळ ८५ किलोमीटर झालेला असतो. म्हणजे मोठ्या रस्त्यावरून धावणाऱ्या मोटारीच्या वेगाने ती खाली येते. खाली उभ्या असलेल्या माणसाला वर पाहायलाही वेळ मिळत नाही. म्हणून डोक्यावर हेल्मेट हवे, इमारतीभोवती जाळी हवी आणि परांचीच्या कडेला आडवी फळी हवी. उंचावर काम करणाऱ्याच्या कमरेला सुरक्षापट्टा हवा आणि त्याचा आकडा भक्कम दोराला अडकवलेला हवा. नुसता पट्टा बांधून आकडा मोकळा ठेवला, तर तो पट्टा शोभेपुरताच राहतो.

पूर्वी अनेकांना वाटे, की मोठे काम म्हटले की माणसे दगावणारच. अमेरिकेत पूल बांधताना दहा लाख डॉलर खर्चामागे एक मृत्यू असा हिशेबच धरला जाई. सॅन फ्रान्सिस्को शहराजवळ १९३३ ते १९३७ या काळात गोल्डन गेट हा प्रचंड पूल बांधला गेला. त्याचा खर्च सुमारे साडेतीन कोटी डॉलर होता. जुन्या हिशेबाप्रमाणे पस्तीस माणसे मरणार होती! मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांनी हा हिशेब मान्य केला नाही. त्यांनी सर्वांना डोक्यावर टोपडे घालायची सक्ती केली. पुलाखाली एक भले मोठे जाळे बांधून घेतले. त्याला एक लाखाहून अधिक डॉलर खर्च आला. त्या जाळ्यात पडून १९ मजुरांचे प्राण वाचले.

परंतु ही गोष्ट इथे संपत नाही. १७ फेब्रुवारी १९३७ या दिवशी एक जड परांची तुटून जाळ्यावर कोसळली. जाळे फाटले आणि १० मजूर मृत्युमुखी पडले. पूल पूर्ण होईपर्यंत एकूण ११ जणांचे प्राण गेले. यावरून दोन गोष्टी कळतात. सुरक्षेवर पैसा खर्च केला, तर माणसे वाचतात. आणि एक साधन बसवले म्हणून बाकीच्या तपासणीत ढिलाई करून चालत नाही.

आपल्या देशात ४ मार्च हा दिवस राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. १९६६ मध्ये याच दिवशी राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली. तिचे मुख्य कार्यालय नवी मुंबईत आहे. सुरक्षेची साधने बनवणारे आणि विकणारे अनेक व्यवसाय आज आहेत. त्यांनी फक्त माल विकून थांबू नये. हेल्मेट कसे घालायचे, दोर कसा तपासायचा, आग लागल्यावर विझवण्याचे नळकांडे कसे वापरायचे, हे त्यांनी मजुरांना आणि आसपासच्या शाळांनाही शिकवावे. विकलेले साधन योग्य वेळी वापरता आले, तरच ते उपयोगी पडते.

शंभरातला एक रुपया

सर्वच बिल्डर आपणहून पुढे येतील असे नाही. म्हणून कायदा लागतो. १९९६ मध्ये संसदेने बांधकाम मजुरांसाठी दोन कायदे केले. पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील, तर त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी स्वच्छ व हवेशीर खोली द्यावी, असे त्यांतील एका कायद्यात सांगितले होते. दुसऱ्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर उपकर बसवला. २०२० मध्ये संसदेने कामगारांविषयीचे अनेक कायदे एकत्र करून नव्या संहिता केल्या. त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. पाळणाघराची आणि उपकराची तरतूद त्यांतही आहे. आता पाळणाघरासाठी फक्त स्त्रियांची नव्हे, तर एकूण कामगारांची संख्या मोजली जाते. मूल सांभाळणे हे एकट्या आईचे काम नाही, असाच याचा अर्थ होतो.

उपकर म्हणजे काय, ते उदाहरणाने पाहू. एक इमारत बांधायला १० कोटी रुपये खर्च आला. शेकडा एक रुपया या दराने तिचा उपकर १० लाख रुपये होतो. हा पैसा मजुरांच्या कल्याण मंडळाकडे जातो. महाराष्ट्रातही असे मंडळ आहे. १८ ते ६० वर्षे वयाच्या ज्या मजुराने मागील वर्षभरात किमान ९० दिवस बांधकामावर काम केले आहे, त्याला तिथे नाव नोंदवता येते. नोंदणी झालेल्या मजुराच्या मुलांना शिक्षणासाठी मदत मिळते. आजारात आणि अपघातातही मदत मिळते.

तुमच्यापैकी काहींचे वडील, मामा किंवा भाऊ गवंडी असतील, सुतार असतील, रंगारी असतील, फरशी बसवत असतील. त्यांचे नाव नोंदवले आहे का, हे घरी अवश्य विचारा.

इथेही एक अडचण येते. सकाळी नाक्यावर उभा राहणारा मजूर आज एकाकडे, उद्या दुसऱ्याकडे काम करतो. त्याला ९० दिवसांचा दाखला कोण देणार? ज्या कंत्राटदाराने काम करून घेतले, त्याने कामाचे दिवस लिहून त्याखाली सही करायला हवी. याला पैसा लागत नाही, पाच मिनिटे लागतात. समाजाचे भले करण्यासाठी नेहमी मोठी देणगीच द्यावी लागते असे नाही. एक खरा दाखलाही एखाद्या मुलीचे शिक्षण चालू ठेवू शकतो.

मजूरच मालक

केरळमधील एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. वडकरा गावाजवळ वाग्भटानंद नावाचे समाजसुधारक जातिभेदाविरुद्ध लोकांना जागे करत होते. त्यांच्या मागे जाणाऱ्या गरीब मजुरांना गावातल्या जमीनदारांनी काम देणे बंद केले. तेव्हा १९२५ मध्ये १४ मजुरांनी एकत्र येऊन स्वतःची संस्था काढली. त्यांचे भांडवल होते आजच्या हिशेबाने अवघे ३७ पैसे! सुरुवातीला त्यांनी लहानसहान कामे घेतली. मग ते रस्ते बांधू लागले, पूल बांधू लागले. उराळुंकल मजूर कंत्राट सहकारी संस्था या नावाने ही संस्था आज ओळखली जाते. २०२५ मध्ये तिला शंभर वर्षे पूर्ण झाली. हजारो लोक तिथे काम करतात. संस्थेचे संचालक मजूर सभासदच निवडून देतात. नफा झाला, तर त्यातून मजुरांना बोनस मिळतो. आजारपणाची आणि म्हातारपणाची तरतूद होते.

कुणी म्हणेल, मजुरांना इतके दिल्यावर काम महाग होईल, धंदा बुडेल. या संस्थेने शंभर वर्षे टिकून त्याला उत्तर दिले आहे.

पुन्हा वाळूच्या ढिगापाशी

एक दिवस तुमच्या रस्त्यावरची ती इमारत पूर्ण होईल. खिडक्यांना काचा लागतील. नवी कुटुंबे राहायला येतील. जिने विटा वाहिल्या, ती आई आपल्या मुलांना घेऊन दुसऱ्या गावी गेलेली असेल. तिचे नाव त्या इमारतीवर कुठेही नसेल. पण तिची मुलगी त्या जागेवर राहत असताना वाचायला शिकली असेल, तर इमारतीबरोबर आणखी काहीतरी उभे राहिले, असे म्हणता येईल.

उद्या शाळेत जाताना त्या जागेपाशी क्षणभर थांबा. जिन्याला कठडा आहे का? मजुरांच्या डोक्यावर हेल्मेट आहे का? झोळीजवळ कुणी मुलगी बसली आहे का? दिसेल ते आपल्या गुरुजींना किंवा बाईंना सांगा. कदाचित तिच्यासाठी तुमच्याच शाळेचे दार उघडता येईल.

शब्दार्थ

परांची – उंचावर काम करण्यासाठी बांबू बांधून केलेली बैठक (मचान)
गवंडी – भिंत बांधणारा कारागीर (मेमार)
बिगारी – ओझी वाहणारा, साधी कामे करणारा मजूर
ओळंबा – भिंत सरळ आहे का ते पाहण्यासाठी दोरीला वजन बांधून केलेले साधन
चुंबळ – ओझ्याखाली डोक्यावर ठेवायची कापडाची गुंडाळी
गिलावा – भिंतीवर दिलेला चुन्याचा किंवा सिमेंटचा थर
कठडा – जिन्याला किंवा गच्चीला असलेली आधाराची कड
निश्चिंत – काळजी नसलेला (बेफिक्र)
उपकर – एखाद्या खास कामासाठी घेतलेला जादा कर
संहिता – एकत्र केलेले कायदे
तरतूद – आधी करून ठेवलेली व्यवस्था (बंदोबस्त)
भांडवल – व्यवसायात घातलेला पैसा (सरमाया)

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) झोळीजवळ बसलेली मुलगी शाळेत का जाऊ शकत नव्हती?
(२) मीरा महादेवन यांनी पहिला तंबू कोठे ठोकला?
(३) मुंबईत फिरत्या पाळणाघराचे काम कधी सुरू झाले?
(४) राष्ट्रीय सुरक्षा दिन कोणत्या दिवशी पाळतात?
(५) केरळमधील मजुरांची संस्था किती जणांनी काढली?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) संस्थेला ‘फिरती पाळणाघरे’ असे नाव का पडले?
(२) पाळणाघराची वेळ आणि आईच्या कामाची वेळ एकच का असावी लागते?
(३) गोल्डन गेट पुलाच्या कामावरून कोणत्या दोन गोष्टी कळतात?
(४) नाक्यावरच्या मजुराला दाखला मिळणे कठीण का जाते?

प्र. ३. सात-आठ वाक्यांत उत्तर लिहा.
‘‘मुलांना सांभाळणे हे माझे काम आहे का?’’ या बिल्डरच्या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर द्याल?

प्र. ४. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
(ओळंबा, उपकर, सुरक्षापट्टा, झोळी)
(१) आईने बाळासाठी साडीची ........ बांधली.
(२) गवंड्याने भिंत तपासण्यासाठी ........ धरला.
(३) उंचावर काम करणाऱ्याच्या कमरेला ........ हवा.
(४) बांधकामाच्या खर्चावर ........ घेतला जातो.

प्र. ५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
मजुरी बुडणे, वाट काढणे, वाया जाणे, मृत्युमुखी पडणे.

प्र. ६. वचन बदला.
वीट, जिना, खोली, मजूर, पाळणा, शाळा.

प्र. ७. इमारत, मजूर, जमीन, खर्च, हिशेब हे शब्द मराठीत आणि उर्दूतही वापरले जातात. असे आणखी पाच शब्द पाठातून शोधून लिहा.

प्र. ८. गणित करा.
एका इमारतीला ४ कोटी रुपये खर्च आला. शेकडा एक रुपया या दराने तिचा उपकर किती होईल?

उपक्रम : तुमच्या घराजवळच्या एखाद्या गवंड्याशी किंवा बिगाऱ्याशी बोला. तो कोणत्या गावाहून आला, त्याची मुले कोठे शिकतात आणि कामावर कोणती सुरक्षेची साधने मिळतात, हे विचारून दहा ओळी मराठीत लिहा. बांधकामाच्या जागेत मात्र मोठ्या माणसाशिवाय जाऊ नका.